चिमटीतली नाळ

९ फेब्रुवारी

ताई,

तुमचा फोन काही लागत नाही. त्या डोंगरावर माणसं एकमेकांना हाका मारून जगतात की काय? शेवटी पत्रच लिहायला बसले. वाचायला कंटाळा आला तरी पूर्ण वाचा, नणंद झालात म्हणजे एवढं करावंच लागतं.

सातवा संपत आला. आमचं पिल्लू दिवसभर गप्प असतं आणि मी आडवी झाले की लाथा सुरू. तुमच्या भावाचं मात्र कसलंच लक्षण यात उतरलेलं दिसत नाही. परवा मी विचारलं, मुलगा हवा की मुलगी? हे हातातला पाना खाली ठेवून बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "चालेल." आता याला काय उत्तर म्हणायचं, तुम्हीच सांगा. लहानपणापासून असेच आहेत का?

विचारायचं होतं ते वेगळंच. दवाखान्यात आम्हा बायकांना शिकवायला एक सिस्टर आहे. उंच, केस पिकलेले, बोलायला गोड. ती म्हणाली, हल्ली बाळ आलं की लगेच नाळ कापत नाहीत, थोडं थांबतात, आणि नवऱ्यालाही आत येऊ देतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भलतंच काहीतरी! आमच्या वेळी बाळ बाहेर की कात्री, मोकळे!" तुमचं सगळं आयुष्य सुईणपणात गेलं. खरं काय ते एकदा लिहा, म्हणजे काकूंना दाखवते.

तुमची,
बडबडी


२० फेब्रुवारी

बडबडे,

फोन लागत नाही ते बरंच आहे. लागला असता तर तू मला एक बाळंतपण सुखाने करू दिलं नसतंस.

काकूंवर हसू नकोस. आम्हीही तसंच करायचो. बाळ आलं की चिमटा, कात्री, चला पुढची. कसली घाई असायची देव जाणे. बाळ बाहेर आलं तरी त्याचं थोडं रक्त मागे वारेत, पोटात त्याला पोसणाऱ्या गोळ्यात, असतं, ते नाळेतून त्याच्याकडे येत असतं. ते त्याचंच आहे, मग येऊ द्यावं की. बाळ ठणठणीत असेल तर जरा थांबायला कुणाचं काय जातं? नाळेला हात लावला तर ती उडत असते. हळूहळू मंदावते, पांढरी पडते, मग कापायची. आता नीट ऐक: बाळ रडलं नाही, सुस्त वाटलं, तर डॉक्टर म्हणतील ते. तिथे माझं पत्र नाचवायचं नाही.

पुढचं मौन्याला वाचून दाखव. लहानपणी असा नव्हता तो. आई जाईपर्यंत डोकं खायचा माझं.

मौन्या, तू पंपाच्या पाइपाला बोट लावून आत पाणी चालू आहे की बंद ते सांगतोस ना, तसंच हे. नाळ हलकेच चिमटीत धर. ठोके लागतील. लागतायत तोवर कात्रीवाल्यांना थांबव. बंद झाले की मान हलव. बोलायचीसुद्धा गरज नाही, तुझ्यासाठीच काढलेलं काम आहे हे.

ताई


४ मार्च

ताई,

तुम्ही तर माझ्या मागे नसतं लचांड लावून दिलंत! यांनी दुकानातून मऊ रबरी नळीचा तुकडा घरी आणलाय. त्यात पाणी भरायचं, एका टोकाशी मी दाबायचं-सोडायचं, दुसऱ्या टोकाशी हे चिमटीत धरून डोळे मिटून सांगणार. "चालू." "बंद." "चालू." एकदाही चुकले नाहीत. मी फसवायला म्हणून मध्येच थांबले, तरी ओळखलं. इतके खूश होते की आपण होऊन चहा केला.

सिस्टरला विचारलं, हे नाळ धरतील, चालेल का? ती खूप हसली. "या की आत. मलाही मदतीला कुणीतरी हवंच असतं," म्हणाली. मी यांना बजावून ठेवलंय, तिथे "चालू आहे!" म्हणून ओरडू नका, लोक मला विचारतील हे कुठल्या पंपाचे.

पाळण्याला रंग दिला. पिवळा. तुम्ही कधी येताय?

बडबडी


१६ एप्रिल

ताई,

तुम्ही आलात, राहिलात, माझे केस विंचरलेत, कपडे धुतलेत, आणि मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रागावला नसाल, माहीत आहे. तरी लिहावंसं वाटलं.

दूध आटलं आता. आधी किती येत होतं. बाळ नाही हे अंगाला कुठे कळतंय. ब्लाउज भिजला की मी मोरीत जाऊन बसायचे.

त्या दिवसाचं तुम्हाला कुणी धड सांगितलं नसेल. हे तर सांगणाऱ्यातले नव्हेत. सकाळी पोट एकदम दगडासारखं झालं आणि रक्त जायला लागलं. यांनी दुकानाची गाडी काढली. दवाखान्यात यंत्र लावलं, पोटावर सगळीकडे फिरवलं, ठोका सापडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार आधीच सुटली आहे. मग फार वेळ लागला नाही. मुलगी. केस एवढे होते, ताई. सिस्टरने तिला पुसलं, पाठ चोळली. डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी ठेवून ऐकलं, परत परत ऐकलं, आणि मान हलवली. मग सिस्टरने नाळेसकट तिला माझ्या अंगावर दिलं. ती ऊन होती. माझ्याच अंगाची ऊब ती, मला कळत होतं.

हे सगळं मी गिळलं होतं. पोटातच गेली, कुणाचा दोष नाही, असं रोज सकाळी स्वतःला सांगायचं आणि उठायचं. उठायलाही लागले होते.

परवा हे बोलले. मी भाजी चिरत होते, हे नुसते उभे होते दारात. म्हणाले, "ती जिवंत होती." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "नाळ माझ्या हातात होती. चालू होती. चांगली जोरात." एवढं बोलले आणि दुकानात निघून गेले.

आणि मग मला सगळं आठवलं. हे तेव्हा "थांबा, थांबा" म्हणत होते. यांचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सिस्टरने स्वतः नाळेला बोटं लावली, यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता यांचा हात धरून बाजूला केला. आणि कापली. मी पाहिलंय ते. माझ्या डोळ्यांनी.

मी तक्रार देणार आहे. तिची नोकरी जायची तर जाऊ दे, माझं काय गेलंय ते तिला कळू दे. गोड बोलणारी बाई! तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, सुईण म्हणून, सहीनिशी: नाळ उडत असेल तर बाळ जिवंत असतं की नाही? आणि उडत असताना कापायची नसते, हे तुम्हीच लिहिलं होतं ना?


२२ एप्रिल

अगं,

तू लिहिलंस, बोललीस, याचं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. तुझं पत्र उशाशीच आहे.

तक्रारीची घाई करू नकोस. अजून तुझ्या अंगात त्राण नाही, तिथे दहा जण दहा प्रश्न विचारतील, परत परत तेच सांगायला लावतील. वार सुटली म्हणजे बाळाला आईकडून काही पोचेनासं होतं. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली होती, ते त्यांनी उगाच केलं नसणार. मी तिथे नव्हते, त्यामुळे सहीनिशी काही लिहिणं मला बरं वाटत नाही.

एक विचारते. त्याने नाळ धरली होती ती कशी? तुला दिसलं असेल तर लिही. त्याला विचारू नकोस.

जेवतेस ना? दोन घास जास्त खा, माझ्यासाठी.

ताई


२८ एप्रिल

ताई,

कशी धरली होती! चिमटीत धरली होती. अंगठा आणि बोट. तुम्ही लिहिलं होतं तश्शी. महिनाभर सराव केला होता त्यांनी त्याचा. चुकायला ते काही नवशिके नाहीत. आख्ख्या गावाचे पंप त्या बोटांवर चालतात.

तुमचं पत्र वाचून मी रडलेसुद्धा नाही. एवढं सगळं सांगितलं आणि तुम्ही मला काय सांगता, तर जेव! तुम्ही सगळ्या एकाच माळेचे मणी. सुईण सुईणीला पाठीशी घालणार, दुसरं काय होणार? ती माझी मुलगी होती, पण तुमचीही भाची होती ना? तिच्यासाठी एक सही करवत नाही तुमच्याने?

बारा तारखेच्या सोमवारी आम्ही दोघं दवाखान्यात जाणार आहोत. मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही लिहून दिलंत तर ठीक, नाही तर हे सांगतील. यांच्या हातात होती ती. यांच्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?


३ मे

मौन्या,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. एकटा असशील तेव्हा वाच, आणि बसून वाच.

तुला मी आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं. आई बरी होऊन घरी येणार म्हणून. ती आली नाही, आणि तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. मग तुझं बोलणंच गेलं. तेव्हापासून ठरवलं होतं, याला पुन्हा खोटं सांगायचं नाही. म्हणून लिहितेय.

तो रबरी नळीचा तुकडा अजून असेल तर काढ. पाणी भरू नकोस. रिकामा घे. जिना पळत चढ आणि मग चिमटीत धर. लागेल. चांगलं जोरात लागेल. अंगठ्यात आपलाच ठोका असतो रे. आणि माणूस घाबरलेला असला की सगळ्याच बोटांत असतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी आम्ही हेच सांगतो, अंगठा लावायचा नाही. तुला सांगायचं राहून गेलं. राहून काय गेलं, मीच लिहिलं, चिमटीत धर. चिमटीत अंगठा येणारच. त्याबद्दल मला काय वाटतंय ते राहू दे.

ती पोटातच गेली होती, मौन्या. नाळेत काही चालू नव्हतं. तुझी बोटं चुकली नाहीत. जे चालू होतं ते त्यांनी बरोबर सांगितलं, फक्त ते तुझं होतं.

त्या सिस्टरने स्वतः बोटं लावून पाहिली होती ना? तिला तेव्हाच कळलं असणार. तुझ्याकडे बघून तिला सांगवलं नाही. मलाही सांगवलं नसतं. मी डोंगरावर बसून लिहितेय तरी माझी ही गत आहे. आणि न सांगितल्याची शिक्षा आता त्या बाईला होणार. तेवढं मात्र होऊ देऊ नकोस.

बायकोला कसं सांगायचं ते तू ठरव. मी तिला आपण होऊन काही लिहिणार नाही. पण सोमवारच्या आत ठरव.

तुझी ताई


९ मे

ताई,

पत्र मिळालं. नळी काढून पाहिली. लागतं.

जिना चढावा लागला नाही.

हिला कालच सांगणार होतो. जेवताना ती म्हणाली, निदान तुमच्या हातात तरी होती ती थोडा वेळ. मग मी पाणी आणायला उठलो.

सोमवारी आत जायच्या आधी सांगेन. त्या बाईंवर आळ येऊ देणार नाही. तोवर तू तिला कळवू नकोस.

तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. मला फार एकटं वाटतंय.


१४ मे

ताई,

आधी माफी मागते. मागच्या पत्रात मी वाटेल ते लिहिलं. तुम्ही ते पत्र फाडून टाका. फाडलं म्हणून कळवा, म्हणजे मला झोप येईल.

तक्रार दिली नाही. का ते फक्त तुम्हाला सांगते, आणि ते तुमच्याजवळच राहायला हवं.

रविवारी दुपारी हे मागच्या पायरीवर बसले होते. हातात ती रबरी नळी, चिमटीत धरलेली, डोळे मिटलेले. वाटलं, बाळाची आठवण काढतायत, जाऊ नये. पण एवढा मोठा माणूस एवढासा होऊन बसलेला बघवेना. गेले, शेजारी टेकले, आणि नळीचं दुसरं टोक हातात घेतलं. आम्ही खेळायचो तसं. पण मी दाबलं नाही की सोडलं नाही, नुसतं धरलं.

आणि ताई, माझ्या चिमटीत ठोका लागला.

मी आधी वेड्यासारखी नळीकडेच बघत बसले. वाळकी, रिकामी नळी. पाणी नाही, काही नाही. अंगठा काढला आणि नळी पायरीवर टेकवून नुसतं एक बोट ठेवलं. काही नाही. परत चिमटीत धरली. परत ठोका. तुम्ही का विचारलंत, कशी धरली होती म्हणून, ते मला तिथे पायरीवर कळलं. आणि सहीचा कागद का आला नाही, तेही. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात.

हे डोळे मिटूनच होते. म्हणाले, "लागतंय?"

मी म्हटलं, "हो. लागतंय."

मग बराच वेळ बसलो आम्ही तसेच. शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढून गेल्या.

सोमवारी ठरल्याप्रमाणे निघालो. यांना कसं थांबवावं तेच मला सुचत नव्हतं. थांबवायचं तर कारण सांगायला हवं. दवाखान्याच्या फाटकाशी हे आपणच थांबले. तोंड पांढरंफटक. म्हणाले, "तुला एक सांगायचंय." मला वाटलं, आत काय काय बोलायचं ते पुन्हा एकदा सांगणार. नाळ कशी चालू होती, किती जोरात. ते मला ऐकवलं नसतं, ताई. मी यांच्या तोंडावर हात ठेवला, भर रस्त्यात. म्हटलं, "काही सांगू नका. मला नाही जायचं आत. मी थकले. घरी चला." हे तिथल्याच कट्ट्यावर बसले आणि रडले. लग्नाला पाच वर्षं झाली, पहिल्यांदा रडताना पाहिलं. मुलगी गेली तेव्हाही रडले नव्हते. त्यांना वाटत असेल, ही हरली. वाटू दे.

तेवढ्यात ती सिस्टर फाटकातून बाहेर आली, घरी निघाली होती. आम्हाला पाहून जागच्या जागी उभी राहिली. मी उठून तिच्याकडे गेले. मनात एवढं होतं, तोंडातून काय निघालं तर, "तिचे केस छान होते ना?" ती म्हणाली, "हो गं. खूप छान होते." आणि माझा हात हातात घेऊन उभी राहिली. बस एवढंच.

आता तुमच्याकडे एक मागते. यांना हे कधीही सांगू नका. माझ्याकडे तिचे आठ महिने आहेत. लाथा आहेत, उचक्या आहेत, रात्र-रात्र मला जागवणं आहे. यांच्याकडे काय आहे? चिमटीतलं तेवढंच. तेवढं तरी राहू दे त्यांचं. तुम्ही त्यांच्याशी कधी खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. पण न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

पाळणा काकूंच्या माळ्यावर ठेवला. जेवते मी आता.

तुमची


२० मे

बडबडे,

तुझं ते पत्र फाडलं. झोप आता.

आणि त्याला काही सांगणार नाही. शब्द दिला.

तू मागितलंस ते वाचून मी अंगणात जाऊन बसले. इथल्या बाया विचारायला लागल्या, काय झालं. म्हटलं, माहेरचं पत्र आलंय, दुसरं काय. तुम्ही दोघं एकमेकांना किती जपता ते तुमचं तुम्हाला ठाऊक नाही, आणि मी सांगणाऱ्यातली नाही.

काल एका पोरीचं बाळंतपण केलं. मुलगीच झाली, आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं तिने. बाप कोपऱ्यात उभा होता, हात कुठे ठेवावे ते न कळून. नाळ माझ्या बोटांखाली उडत होती. हळूहळू मंद झाली, थांबली. मी कात्री उचलली तसा तो पुढे आला आणि म्हणाला, "मी जरा धरू?" मी सरकले. त्याने अंगठ्याने आणि बोटाने धरली, घट्ट. त्याच्या तोंडावर एकदम हसू पसरलं. म्हणाला, "अजून लागतंय, बाई!"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक पोरीला तेच शिकवत आलेय. पण नाही सांगितलं. म्हटलं, "लागतंय ना? मग धर अजून थोडा वेळ." आणि कात्री हातात घेऊन उभी राहिले. ती पोरगी आईच्या छातीवर ओरडत होती, तिचं काय बिघडणार होतं! मीच रडत होते. बाळंतीण पोर मलाच धीर देत होती.

पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतेय. या वेळी भिंतीकडे तोंड करून निजलीस तर मीही शेजारी तशीच निजेन.

ती नळी टाकू नकोस. तो कधी बसलेला दिसला तर जाऊन दुसरं टोक धर. त्याने विचारलं, लागतंय का, तर हो म्हण. तू विचारलंस तर तोही हो म्हणेल.

ताई